जड प्रवासी वाहनाचा परवाना : कायदा, गणित आणि अनुभव

गेल्या वर्षी एम. कॉम.च्या वर्गात हजेरी घेताना आमच्या एका प्राध्यापकांनी माझ्या आदल्या दिवशीच्या गैरहजेरीचे कारण विचारले. मी खरे तेच सांगितले, "सर, आर. टी. ओ. कार्यालयात जड वाहनाची चाचणी होती." वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. "पदवी घेऊन शेवटी ड्रायव्हर होणार का रे?" एवढेच म्हणाले. त्यांच्या प्रश्नात उपहास नव्हता, काळजी होती. पण मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. आदल्या दिवशीच्या चाचणीत मी नापास झालो होतो, हेही त्याचे एक कारण असेल.

प्रस्तुत लेख म्हणजे सरांच्या त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय. विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण खानापूर, नंदगड, येळ्ळूर, उचगाव अशा गावांहून रोज बसने बेळगावला येतात. बस उशिरा आली की आपण ड्रायव्हरला बोल लावतो आणि वेळेवर पोहोचलो की त्याची आठवणही ठेवत नाही. त्या जागेवर बसण्याचा अधिकार माणसाला कसा मिळतो, याचा विचार आपण कधी केलेला नसतो. माझे मामा बत्तीस वर्षे बस चालवून निवृत्त झाले, तरी मीही केला नव्हता.

१. कायद्याच्या पायऱ्या

आपल्या देशात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि १९३९ चा जुना कायदा रद्द झाला. या कायद्यात 'परिवहन वाहन' असा एक वर्ग आहे. स्टँडवरची बस, भाड्याची टॅक्सी, मालाचा ट्रक आणि शाळा-महाविद्यालयाची बस ही सारी कायद्याच्या दृष्टीने याच एका कुळातली. असे वाहन चालविण्याचा अधिकार परवान्यावर स्पष्टपणे नोंदलेला असावा लागतो, असे तिसरे कलम सांगते.

पहिली पायरी वयाची. स्वतःची मोटार चालविण्यास १८ वर्षे पुरतात. परिवहन वाहनास २० पूर्ण व्हावी लागतात. दुसरी पायरी अनुभवाची. हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असल्याखेरीज परिवहन वाहनाचा शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. म्हणजे कोणीही एकदम बसवर चढू शकत नाही. आधी छोट्या गाडीवर वर्षभर हात बसवावा लागतो.

तिसरी पायरी डॉक्टरांची. खासगी गाडीसाठी तरुण माणसाने स्वतःच्या प्रकृतीविषयी लिहून दिलेले चालते; इथे मात्र नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्या नमुन्यातील प्रश्न साधे पण नेमके आहेत. चांगल्या उजेडात २५ मीटरवरील मोटारीची नंबरप्लेट उमेदवाराला वाचता येते काय? त्याला रातांधळेपणा आहे काय? भोंग्याचा नेहमीचा आवाज ऐकू येतो काय? रंगांधळेपणाच्या बाबतीत २०२० साली नियम सैल करण्यात आला असून सौम्य व मध्यम दोष असलेल्यांना आता परवाना मिळू शकतो; तीव्र दोष असलेल्यांना मिळत नाही.

चौथी पायरी शिक्षणाची. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्याशिवाय चाचणी देता येत नाही. जड वाहनासाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किमान ३० दिवसांचे प्रशिक्षण घेऊन तेथील प्रमाणपत्र अर्जाला जोडावे लागते. अर्ज आता 'सारथी' या सरकारी संगणक प्रणालीवर भरायचा असतो, पण स्टेअरिंग काही संगणकावर फिरवता येत नाही. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. मामा सातवीपर्यंत शिकलेले. ही बातमी ऐकून ते म्हणाले होते, "आता मी कायद्यानं पास झालो म्हणायचं."

पाचवी पायरी चाचणीची, तिच्याविषयी पुढे सविस्तर येईलच. तिच्यानंतर प्रवाशांच्या गाडीसाठी राज्याच्या नियमांप्रमाणे बिल्ला घ्यावा लागतो आणि त्यासाठी माणसाच्या वर्तणुकीचीही चौकशी होते.

येथे दोन खुलासे केले पाहिजेत. पूर्वी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू व जड प्रवासी असे चार स्वतंत्र वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते चारही 'परिवहन वाहन' या एकाच वर्गात घालण्यात आले. त्यामुळे असा प्रश्न निर्माण झाला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने टॅक्सी किंवा छोटा टेम्पो चालविला तर तो कायदेशीर काय? अपघातानंतर विम्याची भरपाई या प्रश्नावर अडून राहू लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याचा निकाल दिला. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेले परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते. वर सांगितलेल्या जादा अटी त्यापेक्षा वजनदार वाहनांना लागू होतात. आपली नेहमीची मोठी बस भरल्यावर पंधरा टनांच्या आसपास जाते. तिला या पायऱ्या चुकत नाहीत.

दुसरा खुलासा आपल्या भागापुरता. हा परवाना कोणत्याही राज्यात काढला तरी सबंध भारतात चालतो, असे तेरावे कलम सांगते. बेळगावच्या स्टँडवर कर्नाटकाची, महाराष्ट्राची आणि गोव्याच्या कदंब महामंडळाची बस शेजारी शेजारी उभी असते. पाट्यांची लिपी वेगळी, रंग वेगळे. पण तिन्ही चालकांच्या खिशातील परवाना एकाच कायद्याचा असतो.

वर्गातील एका मैत्रिणीने विचारले, की मुलींना हा परवाना मिळतो का? कायद्यात स्त्री-पुरुष असा भेद कोठेही नाही. तमिळनाडूत वसंतकुमारी या १९९३ साली सरकारी बसवर चालक म्हणून रुजू झाल्या, त्याला आता तीन दशके उलटून गेली.

२. 'कन्नडी नोडप्पा!'

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचे वस्ताद बैलहोंगलकडचे. मराठी समजायचे, पण रागावले की शुद्ध कन्नड. पहिल्याच दिवशी मी बस वळवू लागलो आणि ते ओरडले, "कन्नडी! कन्नडी नोडप्पा!" मला वाटले, आपल्याला कन्नड येते का असे ते विचारत आहेत. मी म्हणालो, "हौद्री सर, स्वल्प बरतैती." सगळी गाडी हसली. कन्नडी म्हणजे आरसा, हे मला त्या दिवशी कळले. शाळेत दहा वर्षे कन्नड शिकूनही हा शब्द माझ्या डोक्यात राहिला नव्हता. आता तो जन्मभर राहील.

आरशावर त्यांचा एवढा कटाक्ष का, हे मी घरी येऊन कागदावर मांडले. वळताना गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. पुढची चाके १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत आहेत असे धरू. मोठ्या बसच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर सुमारे ६ मीटर. पायथागोरसच्या सिद्धांताने मागच्या चाकांची त्रिज्या १०.४ मीटर येते. म्हणजे मागची चाके १.६ मीटर आत येतात. तेच वळण मोटारीने घेतले, जिच्या आसांतील अंतर सुमारे २.४ मीटर असते, तर हा फरक जेमतेम पाव मीटर. मोटारीवर वर्षभर हात बसलेल्या माणसाला हा पाव मीटर कधी जाणवलेलाच नसतो. बसच्या बाबतीत मात्र त्या दीड मीटरच्या पट्ट्यात एक सायकलस्वार सहज मावतो. वस्ताद आरसा बघायला सांगत होते, ते त्या सायकलस्वारासाठी.

दुसरे गणित थांबण्याचे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरू, आणि ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असे मानू. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली बस सुमारे २७ मीटरांत थांबेल. ताशी ६० ने चाललेली बस मात्र सुमारे ५१ मीटर घेईल. वेग दीडपट झाला, अंतर जवळजवळ दुप्पट झाले. पावसाने रस्त्याची पकड निम्म्यावर आली तर ताशी ६० ला हेच अंतर ८६ मीटरांवर जाते. शिवाय बसमध्ये माणसे उभी असतात. करकचून ब्रेक दाबला तर गाडी थांबेल, पण म्हातारी माणसे पुढे जाऊन आदळतील. म्हणून बसच्या चालकाला मोटारीच्या चालकापेक्षा लांबवर पाहावे लागते आणि लवकर ठरवावे लागते. डॉक्टरांच्या नमुन्यातील तो नंबरप्लेटचा प्रश्न येथे येऊन भिडतो.

३. चाचणीचा दिवस

चाचणीत काय काय पाहिले जाते याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधराव्या नियमात आहे. आरसा नीट लावणे, इंजिन सुरू करण्यापूर्वीची काळजी, सुरक्षितपणे निघणे, पुढे जाणे, वळणे, हाताचे व दिव्याचे इशारे देणे, पोलिसांचे व फलकांचे इशारे पाळणे, अचानक पण ताब्यात ठेवून थांबणे, आणि गाडी मागे घेऊन डाव्या किंवा उजव्या हाताच्या मर्यादित जागेत नेणे. यादी वाचताना सोपी वाटते.

मी शेवटच्या कलमावर अडलो. बस मागे घेताना मी पुन्हा पुन्हा मान वळवून मागच्या काचेतून पाहू लागलो, आरसा विसरलो, स्टेअरिंग उशिरा सोडले, आणि मागचे डावे चाक रेघेबाहेर गेले. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी शांतपणे 'नापास' लिहिले. त्यांचे काही चुकले नव्हते. कायद्याप्रमाणे सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावे लागते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पुन्हा प्रशिक्षणही घ्यावे लागते.

कार्यालयाबाहेर चहाच्या गाड्यावर एक गृहस्थ भेटले. माझा चेहरा पाहून त्यांनी सारे ओळखले. म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं, कशाला खेपा घालता? पुढच्या वेळी गाडी नुसती पुढं घ्या. मागं घ्यायचं मी बघतो." मी रक्कम विचारली. येथे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की त्या दिवशी खिशात तेवढे पैसे नव्हते, एवढ्याच कारणाने तो व्यवहार झाला नाही. "परवा येतो," असे सांगून मी निघालो.

४. मागची सीट

संध्याकाळी मामांकडे गेलो आणि सगळे सांगितले. पैसे उसने मागायचे होते. मामा काही रागावले नाहीत. सुपारी कातरत म्हणाले, "घाई कशाला करूलास? सात दिवस कायद्यानंच दिल्यात न्हवं? उद्या मोकळा असलास तर चल माझ्यासंगं, साखळीला जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही चोर्ला घाटातून जाणारी गोव्याची बस धरली. भाद्रपद सरत आला होता. कणकुंबीच्या पुढे धुके आणि रिमझिम सुरू झाली. मामांनी मला पुढे बसू दिले नाही. शेवटच्या सीटवर बसवले आणि सांगितले, "ड्रायव्हर कुठं ब्रेक मारतोय आणि कुठं गिअर बदलतोय, तेवढं मोज."

मी मोजू लागलो. आश्चर्य असे, की उताराला लागण्यापूर्वीच चालकाने गिअर खाली आणला आणि मग ब्रेकला फार थोडा पाय लावला. इंजिनच गाडीला धरून ठेवत होते. मामा म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढतोस, त्याच गिअरात उतरायचा. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर आणि ब्रेकवर उभा राहून उतरणारा ड्रायव्हर, दोघं एकाच गावाला जातात."

यामागचेही गणित मी नंतर केले. पंधरा टनांची बस ताशी ६० वेगाने चालली असता तिची गतिज ऊर्जा सुमारे २१ लाख ज्यूल भरते. थांबताना ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. आता तीच बस ३०० मीटर उंचीचा घाट उतरते असे धरा. स्थितिज ऊर्जेतील घट ४४० लाख ज्यूलपेक्षा जास्त येते. म्हणजे ताशी ६० वेगातून एकवीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता, आणि तीही मध्ये थंड व्हायला पुरेशी सवड न देता. एवढी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली तर लायनर तापतात, करपल्याचा वास येतो आणि पाय पूर्ण दाबला तरी ब्रेक हवा तसा धरत नाही. हवेच्या ब्रेकमध्ये आणखी एक गोष्ट असते. पुन्हा पुन्हा ब्रेक मारत राहिल्यास टाकीतील हवा खर्च होते आणि काटा खाली येऊ लागतो. पुस्तकात हे सारे एका परिच्छेदात येते. चोर्ल्याच्या वळणावर, डावीकडे दरी असताना, त्याला परिच्छेदाइतका वेळ नसतो.

मी मोजत असताना शेजारच्या बाईंना डुलकी लागली. मांडीवर पाच-सहा महिन्यांचे मूल होते. वळणावर त्यांचे डोके माझ्या खांद्यावर आले, जाग आली, ओशाळून त्या सरकून बसल्या, आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. चालकाचे तोंड त्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते. त्याचे नाव काय, त्याने परवाना कसा मिळवला, गाडी मागे घेता येते की नाही, यांपैकी काहीही विचारण्याची सोय त्यांना नव्हती. तिकीट काढले आणि झोपल्या.

साखळीला उतरून आम्ही चहा प्यालो. मामांनी पैशांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. परतीच्या बसमध्ये मी पुन्हा शेवटच्या सीटवरच बसलो, या खेपेला कोणी न सांगता.

५. समारोप

उरलेले पाच दिवस मी स्कूलच्या मैदानात फक्त गाडी मागे घेतली. दोन दगड, मध्ये वाट, आणि नजर दोन्ही आरशांवर. पहिल्या दिवशी दगड चार वेळा उडाले, शेवटच्या दिवशी एकदाही नाही. वस्ताद म्हणाले, "ईग बंतु," म्हणजे आता जमले. दुसऱ्या चाचणीत मी पास झालो. चहाच्या गाड्यावर ते गृहस्थ होतेच. मी नमस्कार करून पुढे गेलो.

आता माझ्या परवान्याच्या कार्डावर परिवहन वाहनाची नोंद आहे आणि बिल्लाही मिळाला आहे. तिशीच्या आत घेतलेला खासगी गाडीचा परवाना चाळिशीपर्यंत चालतो. हा मात्र दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांपुढे उभे राहावे लागते. २०१९ पूर्वी ही मुदत तीनच वर्षांची होती. पूर्वी मला हा जाच वाटला असता. सुटीच्या दिवशी एका मालकाच्या बसवर मी दुसरा ड्रायव्हर म्हणून जातो. अजून घाटात माझ्याकडे स्टेअरिंग देत नाहीत आणि ते योग्यच आहे. सपाटीवर चालवतानाही तासाभराने डोळ्यांवर ताण येतो. मग १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा का घातली होती, ते कळते. बी. कॉम.ला कामगार कायदे मी पाठ करून गुण मिळवले होते. अर्थ स्टेअरिंगवर बसल्यावर लागला.

सरांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो. मी शेवटी काय होईन, हे आज सांगता येणार नाही. एम. कॉम. पूर्ण करीन, परिवहन महामंडळाच्या भरतीलाही अर्ज करीन. पण 'शेवटी ड्रायव्हर' या शब्दांतील 'शेवटी' मला आता पटत नाही. पदवीच्या परीक्षेत मी कमी पडलो तर नुकसान माझे एकट्याचे होते. या परीक्षेत पैसे देऊन पास झालो असतो तर त्याची किंमत शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाने मोजली असती, आणि त्याला ते कळलेही नसते.

हा लेख लिहून झाल्यावर सरांना वाचायला दिला. त्यांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि विचारले, "पुढच्या महिन्यात आपल्या विभागाची सहल गोव्याला जाणार आहे. गाडी तू चालवणार का?" मी म्हणालो, "नाही सर. घाट आहे. मामांच्या ओळखीचे एक जुने ड्रायव्हर बघू. मी मागच्या सीटवर बसेन."